खोडवा किती ठेवायचा?

श्रोतेहो, ऊस तुटून गेला आणि फड मोकळा झाला, की देवळाली प्रवरेच्या शिवारात बांधावर बसून एक वाद हटकून होतो. खोडवा ठेवायचा, की फड मोडून नवी लागण करायची? म्हातारी माणसे म्हणतात, "अरे, बेण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, पीकही लवकर हाताशी येतं. राहू द्या की!" तरणी पोरे म्हणतात, "आबा, खोडवा झाला, निडवा झाला. आता किती दिवस त्याच बुडख्यांना पाणी पाजायचं?" दोघांच्याही बोलण्यात थोडे थोडे तथ्य असते. शहाणा शेतकरी दोघांचे ऐकून घेतो, उठतो आणि फडात शिरतो. नांग्या किती पडल्या आहेत, फुटवा जोमदार आहे की मरगळलेला आहे, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि मग काय ते ठरवतो.

असाच वाद संध्याकाळी चहाच्या दुकानातही कानावर येतो. तिथे विषय उसाचा नसतो, खेळाडूचा असतो. एखादा नामांकित खेळाडू पस्तिशी ओलांडतो, दोन-चार डावांत लवकर बाद होतो, आणि लगेच सुरू होते, "आता बास झालं याचं. थांबावं माणसानं." दुसरा उसळून म्हणतो, "अरे, त्यानं देशासाठी काय केलंय ते विसरलास का?" चहा संपतो, वाद काही संपत नाही. कारण दोघांपैकी एकही फडात शिरलेला नसतो. एक वय मोजत असतो, दुसरा जुने उपकार मोजत असतो. वयाने पिकलेल्या खेळाडूने खेळत राहावे की थांबावे, हा प्रश्न आज आपण जरा फडात शिरून पाहू.

या बाबतीत विजय मर्चंट यांचे म्हणून एक वचन आपल्याकडे फार दिवस चालत आले आहे. माणसाने अशा वेळी निवृत्त व्हावे, की लोकांनी "का झालात?" असे विचारावे, "का होत नाही?" असे विचारण्याची पाळी आणू नये. वचन सुरेख आहे. मर्चंट स्वतः तसेच गेले. १९५१ सालच्या नोव्हेंबरात दिल्लीला इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा काढल्या. तेव्हा त्यांचे वय ४० वर्षांचे होते, आणि तो त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. सुनील गावसकर यांचेही तेच. १९८७ सालच्या मार्चमध्ये बंगळूरला, चेंडू हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर, पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ९६ धावांचा डाव उभारला. सामना १६ धावांनी हातचा गेला, पण त्या डावाचे नाव अजून निघते. त्यानंतर ते भारतातर्फे कसोटी सामना खेळले नाहीत.

ही उदाहरणे मनाला पटतात. पण थोडे थांबून विचार करा. मर्चंट यांना थांबवले कोणी? त्याच दिल्लीच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला होता. म्हणजे वचन मनाचे होते, पण निकाल शरीराने दिला होता. शिवाय या वचनात सारी काळजी खेळाडूच्या नावाची आहे. त्याची शोभा राहावी, त्याची आठवण गोड राहावी, एवढेच त्यात पाहिले आहे. संघाचे काय? त्याच्या जागेची वाट पाहत बाकावर बसलेल्या पोराचे काय? आणि ज्याच्या अंगात अजून दम आहे, त्याने केवळ शोभेसाठी खेळ सोडून घरी बसावे काय? या प्रश्नांना ते वचन उत्तर देत नाही.

वयाचेच म्हणाल, तर पुण्याच्या प्राध्यापक दि. ब. देवधरांची हकीकत ऐका. त्यांचा जन्म १८९२ सालचा. पेशाने ते संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ साली आर्थर गिलिगन यांचा इंग्रज संघ भारतात आला, तेव्हा त्याच्याविरुद्ध देवधरांनी १४८ धावा काढल्या. १९३२ साली भारताने पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला, तेव्हा देवधर चाळिशीत होते. अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आलाच नाही. आता कोणीही म्हणेल की चाळिशी म्हणजे संपलेच. पण १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. १९४० साली मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. पुढे १९४४ साली, ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. वय पाहून फड मोडणारा शेतकरी या पिकाला मुकला असता.

या हकीकतीला दुसरी बाजूही आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. देवधर खेळत राहिले म्हणून तरुणांची वाट अडली का? १९३९ साली त्यांच्याच संघातून, बडोद्याविरुद्ध, एका २४ वर्षांच्या तरुणाने नाबाद ३१६ धावा केल्या. तो तरुण म्हणजे सांगलीचे विजय हजारे. जुने झाड उभे होते आणि त्याच्या शेजारी नवे झाड जोमाने वाढत होते. तेव्हा नुसते म्हातारपण हा दोष नव्हे. सावलीत दुसऱ्याला वाढू न देणे हा दोष.

आता आपल्या घरच्या दोन उदाहरणांकडे येऊ. ती दोन्ही प्रवरेच्या खोऱ्यातली आहेत, हे आपले भाग्य. एक शेजारच्या श्रीरामपूरचे झहीर खान. दुसरे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेले अजिंक्य रहाणे. एक गोलंदाज, एक फलंदाज.

झहीर खान यांना लोकांनी पहिल्यांदा "संपला" म्हटले, तेव्हा ते जेमतेम २७ वर्षांचे होते. भारतीय संघातली जागा गेली होती. २००६ साली ते इंग्लंडात वूस्टरशायर परगण्याकडून खेळायला गेले आणि त्या एका मोसमात त्यांनी ७८ बळी घेतले. त्याच वर्षाअखेर ते भारतीय संघात परतले. २००७ साली नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्यांनी ९ बळी मिळवले, आणि भारताने ती मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकात त्यांचे २१ बळी होते. २७ व्या वर्षी चहाच्या दुकानातला निकाल मान्य करून ते घरी बसले असते, तर यातले काहीच झाले नसते. लोकांचा निकाल नेहमी बरोबर असतो असे नाही, एवढे यातून दिसते.

पण पुढे ऐका. विश्वचषकानंतर तीनच महिन्यांनी, २०११ च्या जुलैत, लॉर्ड्सच्या पहिल्याच दिवशी मांडीमागचा स्नायू दुखावल्याने त्यांना मैदान सोडावे लागले. वेगवान गोलंदाजाचे शरीर म्हणजे रोज ओझे वाहणारी गाडी. धावत येऊन पुढचा पाय आपटला, की शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या एका पायावर येतो. आणि हे दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा. तरी ते पुन्हा उभे राहिले. २०१४ च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला न्यूझीलंडच्या एकाच डावात त्यांनी ५१ षटके टाकली आणि ५ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय ३५ होते. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला.

त्यानंतर सुमारे वीस महिन्यांनी, १५ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले. आठवडाभरापूर्वीच ३७ वे वर्ष पूर्ण झाले होते. खात्यावर ९२ कसोटी आणि ३११ बळी होते. निवृत्तीचे जे कारण त्यांनी दिले, ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. नव्या मोसमाची तयारी करताना त्यांच्या ध्यानात आले, की दिवसाला सुमारे १८ षटके टाकण्याचा भार आता आपले शरीर सोसणार नाही. बस्स. मान-अपमानाची भाषा नाही, वयाचा उल्लेख नाही, जुन्या पराक्रमाचा दाखला नाही. दिवसाचे काम किती आणि ते माझ्याच्याने होईल का, एवढाच हिशेब. खेळ मात्र त्यांनी लगेच टाकला नाही. वीस षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला चारच षटके टाकायची असतात. तेवढे झेपत होते, म्हणून २०१६ आणि २०१७ साली आयपीएलमध्ये ते दिल्लीच्या संघाचे कर्णधार म्हणून खेळले. जे काम होत नाही ते सोडले आणि जे होते ते केले.

आता अजिंक्य रहाणे. त्यांची गोष्ट सुरू होते तीच बाकावरून. २०११ च्या अखेरीस त्यांची कसोटी संघात निवड झाली, पण प्रत्यक्ष मैदानात उतरायला २०१३ चा मार्च उजाडला. सुमारे सोळा महिने! तेव्हा मधल्या फळीत मोठमोठी नावे होती. दिल्लीच्या त्या पहिल्या सामन्यात रहाणे यांनी ७ आणि १ अशा धावा केल्या. पुढे हेच रहाणे २०२० च्या डिसेंबरात मेलबर्नला कर्णधार म्हणून उभे राहिले. आदल्या सामन्यात भारताचा डाव ३६ धावांत कोसळला होता. रहाणे यांनी ११२ धावा केल्या, भारताने तो सामना आणि पुढे मालिकाही जिंकली.

२०२२ च्या सुरुवातीला त्यांची जागा गेली. २०२३ च्या जूनमध्ये, ३५ वे वर्ष पूर्ण होऊन एकच दिवस झाला असताना, ते लंडनला कसोटी विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात उतरले आणि त्यांनी ८९ व ४६ धावा केल्या. पण लगेच झालेल्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात ३ आणि ८ धावा झाल्या, आणि जागा पुन्हा गेली. यावर त्यांनी काय केले? ते मुंबईकडून खेळत राहिले. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने ४२ वा रणजी करंडक जिंकला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबईचे कर्णधारपद सोडले. नवा कर्णधार घडवण्याची हीच वेळ आहे, मी मात्र फलंदाज म्हणून खेळत राहीन, असा त्यांचा आशय होता. आणि ऑक्टोबरात छत्तीसगडविरुद्ध त्यांनी १५९ धावा काढल्या.

तेव्हा त्यांचे वय किती होते, ठाऊक आहे? ३७. झहीर खान थांबले तेव्हा ३७, आणि रहाणे यांनी १५९ काढल्या तेव्हाही ३७. खोरे एक, वय एक आणि निर्णय दोन. मला विचाराल तर दोन्ही निर्णय बरोबर. एकाने पाहिले की दिवसाचे काम होत नाही. दुसऱ्याने दाखवून दिले की दिवसाचे काम होते. आणि जी गोष्ट दुसऱ्याच्या हाती देण्यासारखी होती, ती कोणी मागण्याआधी देऊन टाकली.

कोणी म्हणेल, "हे सोपं झालं. पण खेळाडू फार मोठा असला म्हणजे काय करायचं?" प्रश्न रास्त आहे, आणि सचिन तेंडुलकर यांचे नाव घेतल्याशिवाय तो पुरा होत नाही. कसोटीतले त्यांचे अखेरचे शतक २०११ च्या जानेवारीत केपटाउनला झाले. त्यानंतर २०१३ च्या नोव्हेंबरात वानखेडे मैदानावर २०० वा कसोटी सामना खेळून ते निवृत्त झाले, तेव्हा ते ४० वर्षांचे होते. शेवटच्या डावात ७४ धावा झाल्या. मधली पावणेतीन वर्षे सारा देश त्यांच्या शतकाची वाट पाहत होता. ओव्हलला ९१ झाल्या, वानखेडेवर ९४ झाल्या. शतक नाही, म्हणून आपण हळहळलो. पण संघाला उपयोग झाला की नाही, हा हिशेब कोण करत होते? उलट बाजूने पाहा. धावा आटल्या, तेव्हा "आजच्या घडीला आपल्या सहा उत्तम फलंदाजांत हे बसतात काय?" एवढा साधा प्रश्नही मोठ्याने विचारणे अवघड होऊन बसले होते. प्रेमापोटी आपण त्यांना खेळाडूचे देव करून टाकले, आणि देवाला कोण विचारणार? यात त्यांच्यापेक्षा आपला दोष अधिक, असे मला वाटते. त्यांना एक साधा, आदराचा, खरा प्रश्न विचारण्याचे काम निवड समितीचे होते, आणि तो विचारू देण्याचे काम आपले होते.

आठवणीचेही एक सांगतो. लोक म्हणतात, उतारवयात खेळून माणूस आपली आठवण नासवतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ आहे. त्यातले विली मेज हे फार मोठे नाव. १९७३ साली ४२ व्या वर्षी ते अमेरिकेतली विजेतेपदाची मालिका खेळत होते. उन्हात चेंडू नीट दिसला नाही आणि ते धडपडले. "म्हातारपणी खेळू नये, नाही तर विली मेजसारखी गत होते," असा दाखला तिकडे पुढे कित्येक वर्षे दिला गेला. पण त्याच सामन्यात, बरोबरी चालू असताना, संघाला पुढे नेणारा फटका याच म्हाताऱ्याने मारला आणि त्यांचा संघ जिंकला, हे फार थोडे लोक सांगतात. तेव्हा लोकांच्या आठवणीच्या भरवशावर माणसाने आपले ठरवू नये. आठवण हवी तेच उचलते.

मग कशावर ठरवावे? माझ्या मते तीन प्रश्न पुरे आहेत. पहिला प्रश्न खेळाडूने स्वतःला विचारायचा: माझ्या वाटचे दिवसाचे काम मी आज करू शकतो काय? काल नव्हे, आज. दुसरा प्रश्न संघाने विचारायचा: या जागेवर याच्याहून चांगले काम करणारा कोणी बाकावर बसला आहे काय? आणि तिसरा दोघांनी मिळून विचारायचा: हा माणूस जाण्याआधी आपल्याजवळचे कोणाला देऊन चालला आहे? पहिल्याचे उत्तर "हो", दुसऱ्याचे "नाही" असेल, तर वय काहीही असो, त्याला खेळू द्यावे. पण बाकावर अधिक चांगला कोणी असेल, तर नाव कितीही मोठे असो, जागा सोडली पाहिजे. खेळ त्याचा आहे, जन्मभर त्याचाच राहील. संघातली जागा मात्र कोणाच्या मालकीची नसते. ती वहिवाटीने मिळत नाही, दर मोसमाला कसावी लागते.

हे केवळ मोठ्या मैदानापुरते नाही. तुमच्या गावातही रबरी चेंडूने खेळणारा संघ असेल. त्यातही कोणी दादा, कोणी अण्णा असतीलच. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनीच चंदा काढून पहिली बॅट आणली, पडीक रान साफ करून खेळपट्टी केली. आज त्यांना धाव पुरी करता येत नाही. पण पहिल्या क्रमांकावर तेच उतरतात, आणि चांगला खेळणारा पोरगा पाण्याची कळशी घेऊन उभा राहतो. कोणी बोलत नाही. पाठीमागे मात्र हसतात. श्रोतेहो, हे पाठीमागचे हसणे सर्वांत वाईट. अण्णांच्या तोंडावर, मानाने, एकदा सांगून टाकावे: "अण्णा, पुढच्या सामन्यात या पोराला पाठवू. तुम्ही त्याच्या जवळ उभे राहा, त्याला सांगा." दुखेल. पण हसण्यापेक्षा कमी दुखेल.

आणि अण्णांनीही घाबरू नये. सुधीर नाईक हे मुंबईचे खेळाडू. भारताकडून ते तीनच कसोटी सामने खेळले. पण पुढे मुंबईच्या नॅशनल क्रिकेट क्लबात त्यांच्याकडे श्रीरामपूरचा एक पोरगा आला. नाईकांनी त्याला हाताशी धरले. तो पोरगा म्हणजे झहीर खान. नाईकांचे तीन कसोटी सामने एका बाजूला ठेवा आणि ३११ बळी दुसऱ्या बाजूला ठेवा. खेळ सोडल्यावर माणूस रिकामा होतो, असे कोण म्हणेल?

उसाला विचारता येत नाही, म्हणून शेतकऱ्याला एकट्याने ठरवावे लागते. माणसाचे तसे नाही. त्याला विचारता येते, त्याला सांगता येते. फुटवा जोमदार असेल तर खोडवा अवश्य राखा, त्याला खत-पाणी द्या. पण नांग्या पडू लागल्या, तर फड मोडताना हळहळ करत बसू नका. जमीन कुठे जात नाही, आणि नव्या लागणीचा ऊसही त्याच मातीतून वर येतो.